अमावस्येचा मुरूम

खासदारसाहेबांनी राजीनामा दिला, तशी निपाणीजवळच्या, कर्नाटकाच्या हद्दीतल्या त्या गल्लीत साखर वाटायचीच बाकी राहिली. साहेबांवर कुणाचा राग नव्हता. पाच वर्षांत ते गल्लीत फिरकलेच नव्हते, राग येणार कुठून? पण जागा रिकामी झाली म्हणजे पोटनिवडणूक, आणि पोटनिवडणूक म्हणजे रस्ता, एवढं गल्लीला पाठ होतं.

सगळ्यांत जास्त खूश होते आण्णासाहेब. बायकोचे, कांताचे गुडघे गेलेले. चिखल आणि खड्ड्यांमुळे रिक्षा दारापर्यंत येत नव्हती आणि पाच महिने कांता जैन बस्तीच्या देवळात दर्शनाला गेली नव्हती. रस्ता झाला की पहिली रिक्षा तिची, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

ठेकेदार खडी टाकून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रोलर घेऊन हजर. आण्णासाहेब पंचांग घेऊन आडवे आले.

"आज अमावस्या हाय. उद्या लावा हात."

गल्लीत आण्णासाहेबांचं पंचांग म्हणजे शेवटचा शब्द. ठेकेदार चहा पिऊन परत गेला. दुपारी पोटनिवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. सुरू झालेलं काम चालतं, पण नुसता खडीचा ढीग म्हणजे काम नव्हे, असं ऑफिसातून कळवलं.

"अमावस्या टळली," कांता म्हणाली, "आन् रस्ताबी टळला."

पुढं तीन आठवडे आण्णासाहेब भाजीत मीठ कमी असलं तरी बोलले नाहीत.

मग शेजारच्या बाळाबाई आल्या. वय एक्याण्णव. त्यांचं मत घ्यायला निवडणुकीची माणसं घरीच येणार होती.

"आण्णा, बुधवारी येत्यात म्हणं. दिऊ का मत?"

आण्णासाहेबांचा हात सवयीनं पंचांगाकडं गेला. "बुधवारी अमावस्या, आक्का. चांगल्या कामाला न्हाय."

"मग जाते लेकीकडं कागलला," म्हणत बाळाबाई गेल्या.

बुधवारी जीप आली. दोन अधिकारी, एक पोलीस, एक कॅमेरावाला. गल्लीच्या तोंडाशीच जीप चाकाच्या आसापर्यंत रुतली. चौघं चपला हातात घेऊन, चिखल तुडवत बाळाबाईंच्या दारात पोचले. दाराला कुलूप.

"कुठं गेल्यात हो आज्जी?" मोठ्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"महाराष्ट्रात," आण्णासाहेब म्हणाले.

"मतदान कर्नाटकात, आज्जी महाराष्ट्रात! का गेल्या?"

आण्णासाहेबांना तुरुंगाची दारं दिसायला लागली. एवढ्यात कट्ट्यावरून कांता म्हणाली, "ह्यांनीच सांगितलं. अमावस्या हाय न्हवं आज."

अधिकाऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. मतदार घरी नसेल तर आणखी एकदा यावं लागतं, असा नियम. त्यानं आपल्या पायांकडं पाहिलं, मग जीपकडं पाहिलं. जीप ओढून काढायला ट्रॅक्टर आणि दोन तास लागले.

"शुक्रवारी परत येतो," तो म्हणाला. "पण ह्या चिखलातनं न्हाय."

गुरुवारी चार ट्रॉल्या मुरूम आला, मागून रोलर. पथकाच्या गाडीची तात्पुरती सोय, असं कागदावर लिहिलेलं होतं. शुक्रवारी जीप कागलहून परतलेल्या बाळाबाईंच्या दारात थांबली. त्यांनी मत दिलं, कॅमेऱ्याकडं बघून पदर सारखा केला आणि आण्णांनी बुधवार टाळायला लावला ते लई बेस झालं, असं अधिकाऱ्याला ऐकवलं.

आण्णासाहेबांची छाती फुगली. "बघ. अमावस्या पाळली म्हणून रस्ता झाला."

"व्हय की," कांता म्हणाली. "एका अमावस्येनं घालवला, दुसरीनं आणला. तुमी फकस्त मधी हुबं ऱ्हायलासा."

शनिवारी सकाळी ओळखीच्या विनयची रिक्षा थेट दारात येऊन थांबली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. कांता नवं लुगडं नेसून, हातात देवापुढं वाहायच्या तांदळाची डबी घेऊन उंबऱ्यात उभी.

"थांब गं," आण्णासाहेब म्हणाले, "राहूकाळ तेवढा बघून आलो."

चष्मा सापडायला वेळ लागला. पान सापडायला आणखी थोडा. राहूकाळ सुटायला अजून दीड तास आहे, हे सांगायला ते बाहेर आले, तर दारात मुरमावर चाकांच्या ताज्या खुणा होत्या आणि रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळत होती.