मधली गुणगुण

"सही इथे," वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला. "आणि टोपणनाव नको हं, काका. पूर्ण नाव लिहा."

कानसेनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काच आधीही स्वच्छच होती.

कागदावर चारच वाक्यं होती. त्या प्रसिद्ध गाण्यातली मधली गुणगुण मास्तरांना स्वतःला सुचली आणि ती सुचताना आपण समोर हजर होतो, एवढंच म्हणायचं होतं. मास्तर पियानोपाशी बसले होते. वय पंचाहत्तर, केस पंचविशीतले. खिडकीजवळच्या खुर्चीत पाहुणे होते, सीमेपलीकडचे संगीतकार. त्यांचे केस मात्र त्यांच्याच वयाचे होते.

भांडण मोठं गमतीचं होतं. मास्तरांनी पलीकडची, या पाहुण्यांचीच, चाल उचलली, गाणं इकडे गाजलं. मग पलीकडच्यांनी तेच गाणं इकडून उचलून पुन्हा गायलं, आणि ते तिकडे दुप्पट गाजलं. आता दोन्हीकडच्या कंपन्या एकमेकींना चोर म्हणत होत्या आणि दोघींचंही खरं होतं. फक्त पलीकडच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेत ती मधली गुणगुण नव्हती. ती इकडेच जन्मली होती, हे कोर्टात टेप वाजल्यावर सगळ्यांना कळलं. आता ती मास्तरांची ठरली, की पलीकडचे चोरावर मोर ठरत होते आणि खटला खिशात.

कानसेन मास्तरांकडे एकतीस वर्षं होता. हुद्दा सहायकाचा, काम कानाचं. रोज दुपारी घरच्या रेडिओवर पलीकडचं स्टेशन लावायचं आणि बरी चाल कानावर पडली, की स्वरलिपीत उतरवून संध्याकाळी मास्तरांना द्यायची. दोन्हीकडच्या भाषा एकमेकांना अर्ध्याच कळत, चाली मात्र पुऱ्या कळत. टपाल अडे, माणसं अडत, पण चालीला पासपोर्ट कुणी विचारला नाही. कानसेनचा कान असा, की एकदा तिसऱ्या मजल्यावरून त्याने तळमजल्यावरच्या पंपाला ओरडून सांगितलं, "अरे, तुझा निषाद उतरलाय!" मेकॅनिकने पंप उघडला तर खरंच वायसर झिजलेला. ज्याला पटत नसेल त्याने त्या पंपाला विचारावं.

तर अशाच एका दुपारी ते गाणं लागलं. कानसेनने मुखडा भराभर उतरवला आणि नेमकी वीज गेली. परत आली तेव्हा पलीकडची बाई पहिलं कडवं गात होती. मध्ये चार ओळींचं भगदाड. संध्याकाळी मास्तर वाट बघणार, आणि मास्तरांना अर्धी चाल नेऊन देणं म्हणजे विहिणीला अर्धं ताट वाढणं. पेन्सिल कागदावर टेकवून कानसेन बसून राहिला. आतल्या खोलीत बायको काहीतरी काम करत आपल्याच नादात गुणगुणत होती. हाताने कानाचं ऐकलं. भगदाड भरलं.

गाणं गाजलं त्या आठवड्यात दोघं भाजी घेत होती आणि दुकानातल्या रेडिओवर ते लागलं. बायको हातात दोडका धरून थांबली.

"अहो, हे तर माझं!"

"हळू बोल. नोकरी जाईल माझी."

"जाईना का! चोरांची नोकरी ती. आणि चोरायचं तर घरचं कशाला चोरावं माणसाने? मागितलं असतं तर दिलं नसतं का मी?"

त्यानंतर ते गाणं कुठेही लागलं, की ती फक्त नवऱ्याकडे बघायची. तिच्या शेवटच्या आजारात, हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या मोबाइलमध्ये वाजलं तेव्हाही बघितलं. "आता तरी सांगाल का हो कुणाला?" कानसेन म्हणाला, "सांगतो." त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

"काका, पेन चालत नाही का?" वकीलबाई म्हणाल्या.

"चालतंय."

त्याने पेन टेकवलं. आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं.

"सही होईपर्यंत मी एक विचारू?" पाहुणे मास्तरांकडे वळले. ते इकडची भाषा सावकाश, जपून बोलत. "भांडण वकिलांचं, त्यांचं ते बघतील. पण त्या गुणगुणीत तिसऱ्या ओळीला तुम्ही एक मात्रा रिकामी सोडलीत. अशी जागा मला आयुष्यात सुचली नाही. का सोडलीत?"

मास्तरांनी डोळे मिटले. "तो विरह आहे," ते म्हणाले. "शब्द संपतात ना, तिथला."

कानसेनने पेन खाली ठेवलं.

"विरह नाही मास्तर. अभ्रा आहे."

"काय आहे?"

"उशीचा अभ्रा. घड्या घालताना बायको गुणगुणायची. अभ्रा झटकताना थांबायची आणि मग पुढे जायची. मी ऐकलं तसं लिहिलं." त्याने कागद वकीलबाईंकडे परत सरकवला. "वीज गेली होती हो त्या दिवशी. ते तिकडचं नव्हतं. माझंही नव्हतं."

"काका! अहो, खटला हातचा जाईल!" वकीलबाई उठल्याच.

मास्तर पियानोवरून त्याच्याकडे वळले. "गाढवा," ते म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटायचं ते तिकडचंच आहे. कोर्टात टेप ऐकली तेव्हा म्हटलं, अरे, मग मलाच सुचलं असणार. चांगलं आहे म्हणजे आपलंच असणार!" ते हसायला लागले, हसता हसता रुमाल शोधायला लागले. "वहिनींच्या हातचं किती वेळा जेवलो रे मी. एका शब्दाने बोलल्या नाहीत."

"मी बोलू दिलं नाही."

"बाई, तो कागद फाडा. दुसरा घ्या. नाव सांग रे."

कानसेनने नाव सांगितलं. मग जरा थांबून माहेरचंही सांगितलं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला, पण लिहून घेतलं. पाहुण्यांनी तेच नाव आपल्या लिपीत आपल्या वहीत उतरवलं आणि बरोबर उच्चारलं ना, म्हणून दोनदा विचारलं.

मग ते पियानोपाशी आले. मास्तर सरकून बसले. पाहुण्यांनी गुणगुण वाजवायला घेतली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. रिकाम्या मात्रेवर त्यांनी दोन्ही हात उचलून धरले आणि पुढे कधी जायचं ते विचारत कानसेनकडे पाहिलं.

कानसेनने मान हलवली नाही; त्याच्या कानात अभ्रा अजून झटकला जात होता. पाहुणे हात तसेच धरून थांबले.