एप्रिल महिन्यातला हिटर

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, रंगानं पांढरी आणि वयानं तेवीस वर्षांची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात, तांदळाच्या गिरणीमागच्या गल्लीत, गुणवंतराव सरांच्या घरासमोर कडुलिंबाखाली मी उभी असते. मला पाहून लोक म्हणतात, सर, गाडी अजून नवरीसारखी ठेवली हो! सर मान हलवतात, आणि मी लाजून गप्प बसते. कारण खरं काय होतं ते माझ्या पोटाला ठाऊक आहे.

सर शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना शिकवायला कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी मला पुसायला घेतलं. दर रविवारी शाम्पू, मग ओलं फडकं, मग कोरडं फडकं, मग काचांना जुना पेपर. दसऱ्याला हार, हळदकुंकू, लिंबू-मिरची. पण माझं बॉनेट त्यांनी कधी मनापासून उघडलं नाही. तिथे तेलकट असतं आणि हात काळे होतात, असं त्यांचं मत होतं.

आता माझ्या पोटातलं सांगते. इंजिन चाललं की तापतं. त्याची उष्णता गोळा करून पुढच्या जाळीपर्यंत, म्हणजे रेडिएटरपर्यंत, नेऊन टाकायला एक द्रव आतून फिरत असतो. त्याला कूलंट म्हणतात. कारखान्यातून निघाले तेव्हा माझं कूलंट पोपटासारखं हिरवं होतं. बाजूला एक पांढुरकी प्लास्टिकची बाटली असते, तिच्यावर दोन रेघा असतात. द्रव त्या दोन रेघांच्या मध्ये दिसला की समजावं, गाडीचं पोट ठीक आहे.

बसस्टँडजवळ गॅरेज असलेले गफ्फारभाई सरांचेच विद्यार्थी. ते दर वर्षी सांगत, सर, कूलंट बदलायला झालं. सर दर वर्षी उत्तर देत की रंगवलेलं पाणी ते, त्यापेक्षा आमच्या विहिरीचं पाणी चांगलं. आणि ते खरोखरच विहिरीचं पाणी तांब्यानं ओतत. त्या पाण्यात क्षार. क्षारांनी माझ्या नळ्यांत थर धरला, लोखंडाला गंज चढला, आणि माझ्या पोटातलं पाणी हळूहळू चहासारखं झालं, मग काढ्यासारखं. वरून मी नवरी, आतून मी काढा.

सरांची सून नंदिनी. तिचा नवरा नागपूरला नोकरीला. मुलगी तीन वर्षांची झाल्यावर तिनं वनरक्षकाच्या भरतीचा अर्ज भरला होता. लेखी परीक्षा पास झाली, आता गडचिरोलीला धावण्याची चाचणी होती. तीन किलोमीटर. वयाची अट अशी की पुढच्या वेळी तिला अर्जच करता आला नसता. चार महिने ती पहाटे गिरणीच्या रस्त्यावर धावत होती. मी कडुलिंबाखालून तिला जाताना बघायची आणि येतानाही बघायची, आणि येताना ती रोज थोडी लवकर यायची.

तिचा विचार होता की आदल्या दिवशी एसटीनं जावं आणि मैत्रिणीकडे मुक्काम करावा. सरांना ते पटलं नाही. घरी गाडी असताना सुनेनं एसटीनं का जावं, असं ते म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी मला दोनदा पुसलं.

सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. सर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, नंदिनी धावण्याच्या बुटांत. नऊ वाजता मैदानावर हजेरी होती. सावली गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना जंगल सुरू झालं, आणि माझ्या पोटातला काढा उकळू लागला. तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला. मी तर सरांना दाखवत होते, पण सर त्या वेळी नंदिनीला वैनगंगेचा उगम सांगत होते. शेवटी तिनंच बोट दाखवलं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते.

“मामाजी, तो काटा पाहा.”

सर म्हणाले की चढ आहे म्हणून असेल. तिथे चढ नव्हता. पुढच्या मिनिटाला माझ्या बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला आणि मी मोहाच्या झाडाखाली थांबले. सव्वासात वाजले होते.

सरांनी बॉनेट उघडलं. विहिरीच्या पाण्याची बाटली सोबत होतीच. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला. मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. मी फक्त फुसफुसले.

त्याच झाडाखाली सोमारीबाई मोहफुलं वेचत होती. जवळच्याच पाड्यावरची, साठीची बाई. टोपली खाली ठेवून ती सरळ उठून आली.

“नोको काढू भाऊ झाकण. गंज उकळून राह्यला.”

आमच्याकडे भात शिजवायच्या पातेल्याला गंज म्हणतात, ते सरांनाही माहीत होतं. पण मास्तरकीची सवय. गंज उकळत नसतो, तो चढतो, असं काहीतरी ते समजावू लागले आणि समजावता समजावता त्यांच्या हातून झाकण पाव वळण फिरलं. नंदिनीनं मागून शर्ट धरून त्यांना जोरात ओढलं. झाकण उडालं. वर्षानुवर्षांचा काढा कारंज्यासारखा उसळला, आणि त्यातला शेवटचा निवलेला शिंतोडा सरांच्या शर्टावर आला. डाव्या खांद्यापासून बटणांपर्यंत तपकिरी नकाशा उमटला. भूगोलाच्या माणसाला शोभेल असाच. सर भाजले नाहीत, एवढं नशीब. पण खरं सांगते, मला फार लाज वाटली.

सोमारीबाईनं रस्त्यावर सांडलेल्या पाण्याकडे पाहिलं आणि सांगितलं की आतमध्ये दोन्ही प्रकारचा गंज हाय.

सरांनी गफ्फारभाईंना फोन लावला.  ते म्हणाले की अर्धा तास हात लावू नका, गाडी निवू द्या, मग इंजिन चालू ठेवून हळूहळू पाणी टाका. आणि निघालात की हिटर पूर्ण लावा.

सरांना वाटलं, नेटवर्कमुळे चुकीचं ऐकू आलं. “हिटर? गफ्फार, एप्रिल महिना हाय.”

“हो सर. हिटर लावला की इंजिनाची गर्मी तुमच्याकडे येते. इंजिनाले थोडा आराम भेटते.”

आता पाणी हवं होतं. सोबतची बाटली पुरणार नव्हती. पाड्यावरचा हातपंप अर्धा किलोमीटर आत होता. नंदिनीनं सोमारीबाईचे दोन रिकामे डबे उचलले आणि ती निघालीच होती, तर सोमारीबाईनं तिचं मनगट धरलं. तू कुठी जातेस, असं तिनं विचारलं. नंदिनीनं सगळं सांगितलं. तीन किलोमीटर, वय, नऊची वेळ. सोमारीबाईनं डबे तिच्या हातातून काढले आणि सरांच्या हातात दिले.

“तिले तिथी धावाचं हाय. इथी तू धाव.”

सरांना आयुष्यात असं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी डब्यांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि निमूट निघाले. तपकिरी नकाशाचा शर्ट, दोन हातांत दोन डबे, आणि मागे पाड्यावरची तीन कुत्री. नंदिनी सावलीत बसली. सोमारीबाईनं तिला ओंजळभर भाजलेली मोहफुलं दिली आणि पायांत बळ येते म्हणाली.

सर परतले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. डबे मात्र भरलेले होते. तोपर्यंत मी निवले होते. थोडं थोडं पाणी आत गेलं, झाकण परत बसलं. आठला आम्ही निघालो, हळू, सगळ्या काचा खाली आणि हिटर पूर्ण.

पुढची पन्नास मिनिटं मी त्या दोघांना जे भाजलं, ते मला विसरता येत नाही. बाहेरून वाराही गरम, आतून मीही गरम. सरांचा घाम नकाशावरच्या नद्यांतून वाहत होता. त्यांनी उगम वगैरे काही सांगितलं नाही. नदी ओलांडताना एकदाच ते हळू आवाजात म्हणाले, “एसटीनंच जाऊ द्यायले पाह्यजे होतं तुले. माझं चुकलं.”

 नंदिनीनं ओढणीनं त्यांचं कपाळ पुसलं, कारण त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

नऊला दहा कमी असताना आम्ही मैदानाच्या फाटकाशी पोचलो. मी बाहेरच थांबले, म्हणून तिचं धावणं मी पाहिलं नाही. सर मात्र कुंपणाच्या जाळीला धरून उभे होते, आणि त्यांच्या पाठीवरून मला कळत होतं. आधी पाठ ताठ होती. मग ती वाकली. मग सर टाचा उचलून उभे राहिले, आणि मग त्यांनी अनोळखी माणसाला मिठी मारली. त्या माणसाचाही शर्ट गेला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला आपणहून गफ्फारभाईंकडे नेलं. त्यांनी लगेच हात लावला नाही, आधी इंजिन थंड होऊ दिलं. मग रेडिएटरच्या खालचं बूच उघडून माझा काढा काढला. स्वच्छ पाणी भरलं, फिरवलं, काढलं. तिसऱ्या वेळी पाणी पाण्यासारखं दिसलं. सर बाजूच्या स्टुलावर वही घेऊन बसले होते. मग कूलंट आणि बॅटरीत टाकतात ते शुद्ध पाणी निम्मं-निम्मं मिसळून ओतलं. झाकण उघडं ठेवून मला चालू केलं, तेव्हा आतली हवा गुडगुड करत बाहेर आली. मला इतका मोठा ढेकर कधी आला नव्हता. झाकण नवं लागलं, त्याचं रबर कधीच गेलं होतं.

जुनं पाणी गफ्फारभाईंनी झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं. कूलंट गोड लागतं, म्हणून शेळ्या-कुत्री चाटतात आणि मरतात, असं त्यांनी सांगितलं. सरांनी ते लाल शाईनं लिहून घेतलं.

शेवटी गफ्फारभाईंनी विचारलं, “सर, झाकण कधी उघडावं?”

सर स्टुलावरून उठून उभे राहिले. “गाडी थंड असताना.”

“बसा,” गफ्फारभाई म्हणाले.

त्यानंतर सर बिघडले. लग्नाला गेले तरी जेवणाआधी ते पाहुण्यांच्या गाड्यांची बॉनेटं उघडायला लावत. एका नवरदेवाची वरात त्यांच्यामुळे पाऊण तास थांबली, कारण त्याच्या गाडीतली बाटली खालच्या रेघेखाली होती. माझी बाटली मात्र ते रोज सकाळी पाहतात, चहाच्याही आधी.

नंदिनी वनरक्षक झाली. मागच्या महिन्यात आम्ही तिला भेटायला निघालो, तर जंगलाच्या नाक्यावर तीच खाकी गणवेशात उभी होती. तिचे साहेब शेजारीच होते, म्हणून तिनं हात करून मला थांबवलं आणि गाडी उघडून दाखवा म्हणाली. सर अभिमानानं उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

“पाह्य. बरोबर दोन रेघांच्या मधात हाय.”

“मामाजी,” ती हळूच म्हणाली, “डिक्की. चोरीचं लाकूड मागं असते.”

सरांनी डिक्की उघडली. तिथे तिच्या मुलीची सायकल होती आणि कूलंटचे दोन डबे. साहेबांनी डबे कशाचे म्हणून विचारलं. मित्रांनो, त्यांनी तसं विचारायला नको होतं. सर अर्धा तास सांगत होते, आणि नाक्यावरची जीपसुद्धा तपासून झाली.

त्या जीपची बाटली रिकामी होती. मी शेजारी उभी होते, म्हणून मला तिचा चेहरा दिसला. ती पण चकचकीत पुसलेली होती. म्हणून सांगते, आमच्या अंगावरून फडकं फिरवा, आम्हाला आवडतं. पण सकाळी, आम्ही थंड असताना, एकदा पोटातही डोकावून पाहा. आम्हाला दुखतं तेव्हा बोलता येत नाही. फक्त एक काटा हलतो.