दहा टक्के युरिया

आत्या दर सुट्टीला यायची, आणि आली की दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून पाळण्यापासून चांगली लांब उभी राहायची. ठकी जन्मली तेव्हापासून हाच कारभार. वाकून बघायची, तोंडाने नाना आवाज काढायची, ठकीला खदखदून हसवायची. पण "घे ना गं तिला" म्हटलं की ते हात खिशात आणखी खोल जायचे.

तिने ठकीला एकदाच घेतलं होतं, दवाखान्यात, पहिल्याच दिवशी. आत्याचा जन्म गेला लेथ मशीनवर लोखंडाचे दांडे कातण्यात. तेल, लोखंडाचा कीस आणि कारखान्यातला खरखरीत साबण यांनी मिळून तिच्या तळहातांची पार किसणी करून टाकली होती. अंगठ्यावरच्या भेगेची कड ठकीच्या गालावरून फिरली, लाल ओरखडा उठला आणि ठकीने दवाखाना डोक्यावर घेतला. गालावरचा ओरखडा संध्याकाळपर्यंत गेला. आत्याच्या मनातला काही गेला नाही.

"माझे हात लोखंडाला बरे," ती म्हणायची. "माणसाला नाहीत."

हे बोलणं तिच्या भाचीला, म्हणजे ठकीच्या आईला, सोसायचं नाही. आईवडील गेल्यावर याच हातांनी तिला लहानाची मोठी केली होती. तिच्या वेण्या याच हातांनी घातल्या, आणि झोप येत नसली की पाठही याच हातांनी खाजवली. त्या पाठ खाजवण्याची सर जगात कशाला नव्हती. तो खरखरीत तळवा नुसता वरखाली फिरला की ही पोर मांजरासारखे डोळे मिटायची. आणि आता तिच्याच लेकीला तो हात लागू नये? छे, हे काही खरं नव्हतं.

भाचीला वेड होतं घरी क्रीमं बनवायचं. चष्म्याच्या दुकानातली नोकरी बाळंतपणासाठी थांबली होती, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेची भांडी, थर्मामीटर आणि ग्रॅमचाही अंश दाखवणारा छोटा काटा यांनी ठाण मांडलं होतं. तिच्या व्हिटॅमिन सीच्या सिरमचा रंग आठवड्यात गाजरासारखा झाला होता. नवऱ्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला कायम कसला ना कसला ठिपका लावलेला असे, कारण अंगाला सोसतं का ते आधी तिथे बघायचं असा तिचा दंडक. तो शाळेत खेळाचा मास्तर होता, आणि "लग्नात मला कुणी हे सांगितलं नव्हतं" असं म्हणत रोज हात पुढे करायचा.

"आत्या, तुझ्या हातांना मी क्रीम करते," एके दिवशी तिने जाहीर केलं. "दहा टक्के युरिया घालून."

"युरिया? अगं, तो शेतात टाकतात! माझ्या तळव्यावर काय गहू पेरायचाय?"

"तोच युरिया कातडीत पाणी धरून ठेवतो आणि घट्टे मऊ करतो. क्रीमचा वेगळा, शुद्ध मिळतो."

"बरं बाई, डॉक्टरीणबाई. पण पास-नापास मी ठरवणार." आत्याने भाचीच्या गळ्यातला रेशमी रुमाल ओढून घेतला. "दांडा गुळगुळीत झाला का हे मी डोळ्यांनी बघत नाही. त्यावरून रेशमी फडकं फिरवते. धागा अडकला की दांडा परत मशीनवर. हातांनाही तोच कायदा. रुमाल न अडकता फिरला, तर घेईन ठकीला." तिने तिथल्या तिथे रुमाल तळव्यावरून ओढला. तो अंगठ्याशीच अडकला आणि त्याचा एक धागा निघाला.

भाचीने कंबर कसली. एका भांड्यात तेल, शिया बटर आणि तेलपाण्याची गाठ बांधणारं मेण; दुसऱ्यात पाणी. दोन्ही सारखी गरम झाली की एकत्र ओतून घुसळायची. युरिया कधी घालायचा ते नीट वाचायला हवं होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं तिने पाण्यातच युरिया टाकला आणि पाण्याबरोबर खुशाल तापवला. क्रीम बाकी असं झालं की बघत राहावं. नवऱ्याच्या कोपरानेही काही कुरकुर केली नाही. आत्या डबी घेऊन गेली.

पुढच्या एका सुट्टीला सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते, आणि वास आला. कसला, ते सांगायची गरज नव्हती.

"ठकूबाई!" बापाने लंगोट तपासला. कोरडा ठणठणीत. तरी त्याने बदलला. वास होताच. मग सतरंजी गॅलरीत गेली, गाद्या हुंगून झाल्या, ठकीला भर दुपारी दुसऱ्यांदा अंघोळ घातली गेली, आणि तिने बिचारीने काहीही केलेलं नसताना सगळ्यांची बोलणी खाल्ली. आत्या मधे उभी राहून हात नाचवत सूचना देत होती. एकदा तिने नाक खाजवायला हात वर नेला आणि ती थबकली.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही तर मी आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तापलेला युरिया डबीत हळूहळू फुटला होता आणि त्याने आपलं लघवीतलं मूळ कूळ जाहीर केलं होतं.

"तरीच म्हटलं, दोन दिवस कारखान्यात माझ्या शेजारी कुणी उभं का राहत नाही!" आत्या इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मास्तर भिंतीला टेकून हसत होता. भाची मात्र रडवेली झाली. डबी कचऱ्यात टाकून ती म्हणाली, "नाही जमणार मला."

आत्याचं हसू एकदम थांबलं. "मी कातलेला पहिला दांडा केळ्यासारखा वाकडा होता. उस्तादाने मला घरी धाडलं नाही, परत मशीनसमोर उभं केलं. कर दुसरं."

दुसऱ्या वेळी तिने वाचलं, आणि मग पुन्हा वाचलं. थोडं पाणी बाजूला काढून त्यात युरिया विरघळवला, तेव्हा पेला हाताला गारठा लागेल इतका थंड पडला. क्रीम कोमट झाल्यावरच ते पाणी त्यात घातलं. जोडीला युरियाला ताळ्यावर ठेवणारं लॅक्टिक ॲसिड थेंबाथेंबाने, आणि क्रीम टिकावं म्हणून जे घालतात तेही. कागदी पट्टी बुडवून आंबटपणा बघितला, हवा तेवढाच होता. मग त्यातली एक डबी उबेच्या जागी ठेवून ती रोज हुंगत राहिली. मास्तर म्हणाला, पोरीला इतकं हुंगत नाहीस. वास आला नाही, तेव्हा कुठे आत्याला डबी मिळाली.

ती डबी भाचीच्या अंदाजापेक्षा पुष्कळच पुरली. "नीट लावतेस ना?" ती विचारायची. "लावते गं," आत्या म्हणायची आणि विषय बदलायची.

मग एका सुट्टीला आत्या आली ती थेट नळाकडे गेली. हात धुतले, पुसले, तळवे पुढे धरले. "आण तो रुमाल."

भाचीने रुमाल डाव्या तळव्यावरून ओढला. सरकला. उजव्यावरून ओढला. अंगठ्याशी आल्यावर ती हळूहळू ओढू लागली. रुमाल अंगठ्यावरून उतरला आणि जमिनीवर पडला.

आत्याने ठकीला उचललं. आधी भरलेली काचेची बरणी धरावी तशी, मग जरा सैल, मग छातीशी. एक बोट गालावरून फिरवलं, जिथे तो ओरखडा उठला होता तिथूनच. ठकीने त्या बोटाकडे डोळे तिरळे करून पाहिलं आणि जांभई दिली. आत्या रडत होती आणि तिला ते लपवायचंही नव्हतं.

भाचीला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा तिला कळेना. ती लहानपणीसारखी आत्यापुढे पाठ करून जमिनीवर बसली. "आता माझी पाठ खाजव."

आत्याने मोकळा हात फिरवला. तळवा पाठीवरून लोण्यासारखा घसरला. भाची वाट बघत राहिली. पुन्हा घसरला. आपण आपल्या हातांनी, काट्यावर मोजून, तो हात घालवून बसलो हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"गप्प का झालीस?"

"काही नाही. छान मऊ झालाय."

"वेडी कुठली," आत्या म्हणाली. "डबी एवढी पुरली कशी ते कळलं नाही तुला? तळव्यांनाच लावत होते. हात उलटा केला की जुनाच माल आहे. तळवे ठकीचे, मुठी तुझ्या."

तिने मूठ वळली आणि खडबडीत पेरं भाचीच्या पाठीवरून खालपासून वरपर्यंत करकरून फिरवली. भाचीने डोळे मिटले.

"डावीकडे," ती म्हणाली. "अजून जरा खाली."