रांगेतला दगड

मुलांनो, एक दगड डोळ्यांपुढे आणा. नारळाएवढा, काळा, वर चुन्याचा ठिपका. त्याच्यापुढे दगड, मागे दगड, आणि रांगेत माणूस एकही नाही. चाकूरजवळच्या या वस्तीत घागरी चोरीला जायला लागल्यापासून पाण्याच्या टँकरच्या नंबराला घागर कोणी ठेवत नाही. घरोघरचा ओळखीचा दगड ठेवतात.

चांगुणा त्या ठिपक्याकडे बघत राहिली आणि तिला आठवले... फोटो. वस्तीवस्तीवरून आलेले फोटो, त्यांतल्या घागरी मोजून ठरवलेली पाण्याची मागणी — ही पद्धत तिचीच. एम.बी.ए. होऊन सल्लागार कंपनीत लागल्यावर पहिल्या टाळ्या मिळाल्या त्या याच पद्धतीला. पुण्यात बसून तिने फोटो पाहिले. इथल्या फोटोत घागरी नव्हत्या, म्हणून अहवालात लिहिलं — मागणी नाही, टँकर बंद करावा. वस्तीवर ती आज पहिल्यांदा आली होती. आणि दुपारी लातूरला अहवाल मांडायचा होता.

"जयभीम, मावशी."

"जयभीम. काय गं, येवढं शिकून दगड मोजायलीस का?" समोरच्या घरातली धुरपताबाई दारातून हसली. "नवा जिल्हा व्हनार म्हनत्यात. मंग तरी टँकर रोज येईल का, सायबीण?"

"येईल की." येईल? तूच तर बंद करते आहेस...

जीपमधून तिने कंपनीच्या मोठ्या सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "आता आकडे हलवायचे नाहीत. पद्धत चुकली म्हणालीस, तर कुणाची पद्धत, हे मला सांगावं लागेल." शांतपणे म्हणाले, त्याचीच भीती वाटली. गावी लोह्याला बाबा अजून सांगत असतात, आमची पोरगी सरकारला सल्ला देते. आणि शेजारी विचारतात, त्या एम.बी.ए.चा काही फायदा झाला का हो? फायदा... मी बोलले तर नोकरी जाईल, आणि शिकले ते वाया गेलं म्हणतील. नाही बोलले तर — तर काय शिकले मी? दगड दिसला तरी घागरीच मोजायच्या? लोह्याच्या रांगेत आमचाही दगड होता, तो मी विसरले कधी?

लातूरच्या सभागृहात अधिकारी जमले होते. पडद्यावर वस्तीचं नाव, त्यापुढे शून्य. सरांनी मानेनेच खुणावलं — पुढे चल. बोट बटणावर... आणि एकदम लोह्याचं ऊन. हातात रिकामी बादली घेतलेली एवढीशी चांगुणा, आणि एका दांडग्या माणसाने पायाने रांगेबाहेर ढकललेला तिचा दगड.

"कुणाचा हाय रे ह्यो?" तो विचारतोय. मोठी माणसं आपापले दगड पुढे सरकवताहेत.

मुलांनो, त्या पोरीने काय केलं असेल? तिला रडूही फुटेना. तिने बादली खाली ठेवून दोन्ही हातांनी दगड उचलला, होता तिथे नेऊन ठेवला, आणि कापत कापतच त्याच्यावर बसली. आणि लातूरच्या सभागृहात चांगुणाने बटणावरचं बोट मागे घेतलं.