सव्वीस निरोपांची यादी

धाकटी सकाळपासून सारखी घड्याळाकडे बघत होती. लिफ्टचे प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या ऑफिसात ती सगळ्यात नवी, म्हणून सगळ्यांची धाकटी. साहेबांनी तिला बजावलं होतं, "तीनला तुझा कोड कंपाइल झाला तर ठीक. नाहीतर चार महिन्यांचं काम केराच्या टोपलीत. आपला जुना कोडच बरा."

तिने केलं होतं काय? बटण दाबलं, मजला आला, वजन जास्त झालं, असे लिफ्टला येणारे सव्वीस निरोप. प्रत्येकाचा एक टाइप, म्हणजे कोडमधली त्याची वेगळी जात, आणि सगळ्या टाइपांची एक यादी. कोड तपासून मशीनच्या भाषेत नेतो, म्हणजे कंपाइल करतो, त्या कंपायलरने यादीतला पहिला उचलायचा, त्याचं काम बघणारं कोणी आहे का ते तपासायचं, मग उरलेल्या यादीचं तेच, यादी रिकामी होईस्तोवर. प्रोग्राम चालायच्या आधीच सगळ्यांचा झाडा! निरोपांची कामं मात्र तिने जुन्या कोडमधून न मोजता, एकगठ्ठा, जशीच्या तशी उचलली होती.

तीन वाजले. साहेब आणि टेस्टिंगवाली ताई तिच्या मागे येऊन उभे राहिले. धाकटीने बटण दाबलं आणि बापरे! एररच्या नऊशे ओळी धो धो कोसळल्या. ताईने कपाळाला हात लावला.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले.

धाकटीला रडूच येणार होतं. पण नऊशे ओळींची खरी रड पहिल्याच ओळीत असते, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. ती पडद्यावर सरसर वर गेली. लिहिलं होतं, 'दार अडलं' या निरोपाला वालीच नाही.

"असं कसं?" तिने जुना कोड उघडला. शोधलं. नाही! पंचवीस निरोपांची कामं, आणि शेवटी एक साळसूद ओळ: बाकी काही आलं तर काही करू नका.

"अगं बाई!" ताई किंचाळली. "म्हणून त्या तक्रारी! पिशव्या दारात अडकतात, लिफ्ट ढिम्म! आणि आपण गिऱ्हाइकांनाच वेड्यात काढतोय!"

धाकटी खुर्चीवरून उडालीच. "नाही झाला! कंपाइल नाही झाला, म्हणून तर सापडलं!" ताईचे दोन्ही हात धरून तिने गरागरा फुगडी घातली. आनंदाने तिला नुसतं उधाण आलं होतं. पलीकडच्या खोलीतली माणसं धावत आली. कोड पडला म्हणून नाचणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

साहेब मात्र जुन्या कोडमधली ती शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. फुगडी आपोआप थांबली.

"तो जुना कोड माझा आहे," साहेब म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वीचा."

साहेबांनी शेजारची खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि कीबोर्ड आपल्याकडे घेतला.

"सरक जरा. आता तुझ्याच कोडवर काम करायचं. दाराचं तेवढं मला लिहू दे, माझंच राहिलंय."