कोमट काच

नमुना काचेवर घेतला की ती गार व्हायच्या आत भिंगाखाली बघायची, हे सासूबाईंच्या हाडीमासी खिळलेलं होतं. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. बायकांच्या योनिमार्गात वाढणारा एक परजीवी उबेत असला की गचके खात पळतो, लगेच ओळखू येतो. गारठला की निपचित पडतो आणि पुवाच्या पेशींत असा मिसळून जातो की भलेभले फसतात. त्या दिवशी टेबलावरची काच त्यांच्या सुनेची होती आणि सासूबाई तिकडे पाठ करून हात धूत उभ्या होत्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

सून पाचव्या महिन्यात होती. अंगात ताप घेऊन बाहेर बाकावर बसली होती. दुखणं उलटलं होतं. पहिल्या वेळी परजीवी सापडला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवराबायको दोघांनाही गोळ्या दिल्या होत्या, कारण हा शरीरसंबंधातून पसरतो आणि एकट्या बायकोने औषध घेऊन भागत नाही. मुलाला गोळ्या द्यायचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. त्याने त्या खिडकीतून भिरकावल्या. मला काय धाड भरलीय, म्हणाला. मग आवाज खाली आणून, बाहेर एक प्रकरण आहे, हिला कळलं तर घर मोडेल, असंही सांगून मोकळा झाला. सासूबाई मूग गिळून गप्प बसल्या. लहानपणापासून त्याचं सगळं पाठीशी घालत आलेल्या बाईला त्यात आणखी एका गोष्टीची भर जड वाटली नाही. सुनेने विचारलं तेव्हा, घेतल्या त्याने, म्हणून वेळ मारून नेली.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी तापाबद्दलचा आपला संशय बोलून दाखवला होता. या परजीवीच्या आत कधी कधी आणखी बारीक जिवाणू बिऱ्हाड करून राहतात. तो त्यांना आसरा देतो, पोसतो. त्यांच्या जोरावर तो जास्त माजतो. दोघांचं छान चालतं, भोगते ती बाई. गोळीने परजीवी मेला की आतले बाहेर सुटतात. त्यांच्यावर ती गोळी चालत नाही, आणि पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. ते काचेवर दिसत नाहीत, म्हणून त्यांची तपासणी वेगळी पाठवली होती.

"पण काचेवर परजीवी पुन्हा दिसला," त्या म्हणाल्या होत्या, "तर नवऱ्याला इथे बोलवायचं. नाहीतर आपण औषध देत राहू आणि तो आजार आणून देत राहील."

म्हणजे मुलाला वाचवायला सासूबाईंना काही करावंच लागणार नव्हतं. काच गार होऊ द्यायची, बस्स. मग 'दिसला नाही' हे खोटंही ठरलं नसतं. त्यांनी नळ बंद केला. आसरा देणारा, पोसणारा, असं डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या होत्या. पण ते ऐकल्यापासून सासूबाईंना स्वतःची शिसारी येत होती. त्यांनी काच उचलली, तळहाताच्या उबेवर धरली आणि भिंगाखाली सरकवली.

ते पळत होते.

सून भिंतीला डोकं टेकून बसली होती. सासूबाईंनी शेजारी बसून मुलाने भिरकावलेल्या गोळ्यांपासून बाहेरच्या प्रकरणापर्यंत सगळं सांगितलं. स्वतःचं गप्प राहणंही वगळलं नाही. सुनेने डोकं भिंतीपासून उचललं.

"त्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मला गोळीची आठवण तुम्हीच करून द्यायचात. पाण्याचा पेला तुम्हीच हातात द्यायचात."

सून पोट सावरत उठली. सासूबाईंनी आधाराला हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

"डॉक्टरांना तुम्ही सांगा. माझ्यासमोर सांगा."

त्या तिच्या मागोमाग आत गेल्या आणि सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मुलाचा नंबर मागितला, तेव्हा सासूबाईंनी आपणच फोन लावला. दवाखान्यात ये, तिला सगळं कळलंय, म्हणाल्या.

"कुणी सांगितलं, आई?"

"मी," त्या म्हणाल्या, आणि फोन डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला.