छप्पर गेलेला पूल

मित्रांनो, मी एक जुना पादचारी पूल आहे. कुवेतमध्ये, महबूलाजवळच्या हायवेवर उभा आहे. पूर्वी मला छप्पर होतं. इथल्या उन्हात छपराशिवाय पूल म्हणजे नुसता तापलेला तवा, हे मला बांधणाऱ्यांना कळत होतं. महबूलातले आणि पलीकडच्या वस्तीतले लोक माझ्या सावलीतून जायचे, मध्येच टेकायचे, गावाकडे फोन लावायचे. नाशिकचे इंजिनिअर राजन तर आईवडिलांना मुद्दाम मला दाखवायला घेऊन आले होते. फार कौतुक केलं त्यांनी माझं.

मग एका धुळीच्या वादळात माझे काही पत्रे उडाले. दुरुस्ती राहिली बाजूला, उरलेलेही धोक्याचे म्हणून काढून नेले. वर मला निळा रंग दिला! रंगाची सावली पडते का हो?

रत्नागिरीची रुकय्या राजनच्या घरी स्वयंपाक करायची. छप्पर गेल्यावर ती हायवे धावत ओलांडू लागली. एका दुपारी राजनची बायको योगिनी हिने तिला घरी जाताना माझ्या पायऱ्यांपाशी सोडलं. पलीकडे सोडायचं तर गाडीला वळसा पडतो. गार हवा जाऊ नये म्हणून तिने काच बोटभरच खाली केली.

“रुकय्या, पुलावरून जा हं. जिवाशी खेळू नकोस.”

“बाई, वर पाय ठेववत नाय. चपलेतनं भाजतंय. कठड्याला हात लाववत नाय.”

“दोन मिनिटांचं तर ऊन! होईल सवय.”

काच वर गेली.

रुकय्या थोड्या पायऱ्या चढली, थांबली आणि परत उतरली. मग खालून धावली. गाडीवाल्याने ब्रेक मारला, पण उशीर झाला होता. तिचा पाय गेला. जिच्या कमाईवर घर चालायचं, ती आता रत्नागिरीत घरी बसून आहे.

“पूल असून वापरत नाहीत. शिस्तच नाही या लोकांना,” राजन माझ्याकडे बोट दाखवून कुणाला तरी सांगत होते. मला पुढे करून तिच्यावर ठपका ठेवला, हे मला फार लागलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असा उपदेश मी करणार नाही. मला रंग नको, कौतुक नको. छप्पर द्या, आणि तेही माझ्यासाठी नको. योगिनीबाईंकडे आता तहरीम नावाची नवी बाई येते. पुलावरूनच यायचं, असं तिला बजावलं आहे. या भर दुपारी ती माझ्या पायथ्याशी उभी आहे, आणि गाड्यांमध्ये फट कधी पडते ते बघते आहे.